आईला नोटीस

नगरपालिकेचं आवाज खातं म्हणजे एक माणूस, एक मीटर आणि पाणी खात्याच्या खोलीतला एक कोपरा. कोपऱ्यात ‘आवाज निरीक्षक’ अशी पाटी होती. पाटीच्या पलीकडे नळाला पाणी न आलेल्यांचा दिवसभर कल्ला चालायचा आणि त्या कल्ल्यात कान पुढे करून हा गृहस्थ आवाजाच्या तक्रारी लिहून घ्यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लोकांनी त्याचं नाव चिडीचूप साहेब ठेवलं होतं. तो मीटर घेऊन रस्त्याच्या तोंडाशी दिसला की रेडिओ बंद, हॉर्न बंद. भांडणंसुद्धा अर्ध्या शिवीवर थांबायची. त्यामुळे बिचाऱ्याला मोजायला आवाजच मिळायचा नाही. तो वळणाआड गेला की सगळं पुन्हा सुरू. त्याचा स्वतःचा आवाज इतका बारीक, की बसमध्ये त्याचं ‘थांबवा हो’ ड्रायव्हरपर्यंत कधी पोचलं नाही. तो पुढच्या थांब्यावर उतरायचा आणि मुकाट्याने मागे चालत यायचा.

कामात मात्र माणूस सरळ. इतका सरळ की घरच्यांना जाच व्हावा. मेहुण्याच्या फर्निचरच्या कारखान्यातली करवत दुपारी घरघरते अशी तक्रार आली, तर साहेबांनी मेहुण्याच्याच हातचा चहा पिऊन त्याच्याच टेबलावर करवत बंदचा हुकूम लिहिला. पुढे वर्षभर मेहुणा घरी फिरकला नाही. बायकोने ते अजून विसरलेलं नव्हतं. साहेबांना वाईट वाटलं होतं, पण घरात शांतता झाली हेही त्यांनी मनातल्या मनात मान्य केलं होतं.

अशा माणसाला आई कशी मिळावी? त्याची आई आणि मावशी, दोघी सख्ख्या बहिणी, एकाच अरुंद रस्त्याच्या दोन बाजूंना, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोर राहायच्या. दोन्ही इमारतींना लिफ्ट नाही. दोघींचे गुडघे संपावर गेलेले. जिना उतरून रस्ता ओलांडून दुसरा जिना चढणं दोन वर्षांपासून बंद. आई मुलाकडे, भरल्या घरात. मावशी एकटी, ना मूल ना बाळ, नवरा कधीच गेलेला. दोघींना ऐकायला कमी यायचं, पण दोघींची ठाम समजूत अशी की आपल्याला ठणठणीत ऐकू येतं, बहिणीलाच येत नाही. फोन दिला तर मावशी तो भिंगासारखा डोळ्यांपुढे धरायची. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून आईने ते सुईदोऱ्याच्या डब्यात टाकून दिलं होतं.

मग उरल्या दोन गॅलऱ्या. सकाळी चहा झाला की दोघी गजाला धरून उभ्या राहायच्या आणि रस्त्यावरून आरपार बोलायच्या. बोलायच्या म्हणजे काय, कानठळ्या बसवायच्या. आई भाजीचे भाव सांगायची, सुनेने पडदे बदलले ते सांगायची, स्वतःच्या पोटाची तक्रार सांगायची. पलीकडून मावशी काहीबाही ओरडायची. मध्येच दोघी एकदम हसायच्या. अर्धा तास हा फड रंगायचा. साहेब तेवढ्या वेळात आंघोळीला जायचे आणि दोन्ही नळ सोडून ठेवायचे. मेहुण्याची करवत ऐकू येणाऱ्या त्या कानांना घरचा आवाज मात्र कधी आवाज वाटला नव्हता. आपला तो बाब्या, दुसरं काय!

आणि एक दिवस पाटीखाली बेकरीवाला येऊन उभा राहिला. रात्रभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस, डोळे तांबडे, भुवयांवर मैदा.

“साहेब, मी सकाळी झोपतो. पण झोपू कसा? दोन म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या राहून ओरडतात. एक माझ्या डोक्यावरच राहते, दुसरी रस्त्यापलीकडे. पलीकडची तर... काय सांगू, तिला माणूस म्हणावं की भोंगा!”

साहेबांनी पत्ता विचारला आणि त्यांच्या हातातलं पेन थांबलं. भोंगा म्हणजे कोण ते त्यांना कळलं होतं. बेकरीवाल्याला कळलेलं नव्हतं. कागद टेबलाच्या खणात ढकलला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. पण करवतीच्या वेळी जो माणूस वाकला नाही, तो आता वाकला तर मेहुण्याला तोंड कसं दाखवणार? साहेब बारीक आवाजात म्हणाले, “उद्या सकाळी येतो.”

नियम असा, की आवाज मोजायचा तो तक्रार करणाऱ्याच्या खिडकीत. दुसऱ्या दिवशी साहेब आंघोळ न करताच घरातून निघाले, समोरच्या इमारतीचे दोन मजले चढले आणि बेकरीवाल्याच्या उघड्या खिडकीत मीटर धरून उभे राहिले. आकडा चढत होता, पण फार नाही. एखाद-दुसरी समज देऊन भागलं असतं. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून आईचं लक्ष खाली गेलं.

“बबड्या! ए बबड्या! तू तिथे काय करतोयस? डबा विसरलास ना रे, डबा!”

मीटरचा काटा उडाला आणि पार टोकाला जाऊन थरथरत राहिला. साहेबांच्या सगळ्या नोकरीत एवढा मोठा आवाज नोंदला गेला नव्हता. बेकरीवाल्याने एकदा समोर पाहिलं, एकदा साहेबांकडे पाहिलं, आणि चाचरत म्हणाला, “साहेब, माझं काही म्हणणं नाही. मी कानात कापूस घालीन.”

“आकडा पडला,” साहेब म्हणाले. “आता काही करता येत नाही.”

नोटीस दोन प्रतींत निघाली. एक मावशीला, एक आईला. ‘आपण आपल्या गॅलरीतून मर्यादेपेक्षा अधिक आवाजात बोलता असे आढळून आले आहे’ वगैरे वगैरे. आईने चष्मा लावून ती सावकाश वाचली.

“ही खालची सही कुणाची?”

“माझी.”

“हात धरून अक्षर मी गिरवून घेतलं होतं तुझं. वळण छान आलंय.”

एवढं बोलून ती गप्प झाली, आणि जी गप्प झाली ती झालीच. नोटीस गॅलरीपुरती होती, पण आईने ती सगळ्या घराला लागू केली. मीठ हवं तर बोट दाखवायची. उजव्या कानाने तिला त्यातल्या त्यात बरं ऐकू यायचं, तर मुलगा समोर आला की ती मुद्दाम डावा कान त्याच्याकडे करून बसायची. पलीकडे मावशीने तर गॅलरीकडची खिडकीच लावून घेतली. आई सकाळी सवयीने गॅलरीत जायची, बंद खिडकीकडे बघत बसायची आणि चहा तसाच निवलेला आत आणायची. दोन बहिणींमध्ये एवढा एकच धागा उरला होता, आणि तो त्यांनी नीट सहीशिक्क्यानिशी तोडला होता.

चौथ्या दिवशी बायकोने तोंड उघडलं. “मोजणं झालं ना तुमचं? मग आता पाय हलवा. आईंचं बोलणं मावशींकडे न्या, मावशींचं इकडे आणा. तुमच्या आवाजाची तर कुणी तक्रार करणार नाही.”

आईला हे पटलं. डावा कान न हलवता तिने पहिला निरोप दिला. “सांग तिला, माझा मुलगा गाढव आहे.”

सरकारी माणूस. त्यात स्वतःचं काही घालायचं नाही, काढायचं नाही. साहेब तीन मजले उतरले, रस्ता ओलांडून तीन मजले चढले. मावशी कानठळ्या बसल्याशिवाय दार उघडत नसल्याने तिची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची. ते आत गेले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “आई म्हणते, तिचा मुलगा गाढव आहे.”

“सांग तिला, मला माहीत आहे,” मावशी म्हणाली.

साहेब परत आले, आईच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं. आईच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. दुसरा निरोप निघाला, “विचार तिला, तिचा गळका नळ दुरुस्त झाला का?”

“कुठला नळ?” मावशी म्हणाली. “माझा नळ कधी गळला? बरं, तू आलाच आहेस तर सांग, रे, तुमच्या खात्याने आमचं पाणी का कमी केलं?”

“मावशी, मी पाणी खात्यात नाही.”

“नाहीस? तुझी आई तर दोन वर्षं तुझ्या कामाचं कौतुक सांगतेय!”

साहेब जिन्यात मध्येच थांबले. पुढच्या तीन-चार फेऱ्यांत त्यांना सगळा उलगडा झाला. आईने सांगितलेली एकही गोष्ट मावशीला ठाऊक नव्हती, आणि मावशीच्या घरात आईला जे जे घडलंय असं वाटत होतं त्यातलं काहीच घडलं नव्हतं. दोन वर्षं दोघी रोज अर्धा तास गळा फाडून बोलत होत्या आणि एकीचा शब्द दुसरीपर्यंत पोचत नव्हता. एक हसली की दुसरी हसायची, एवढंच. ज्या बोलण्यावर नोटीस काढली, ते बोलणं त्या दोघी सोडून सगळ्या रस्त्याने ऐकलं होतं.

साहेबांना हसू आलं. शेवटच्या फेरीला ते मावशीला हे सांगायलाच वर गेले. कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “मावशी, तुम्हाला एकमेकींचं काहीच ऐकू येत नव्हतं.”

“मला सगळं ऐकू येतं,” मावशी फणकारली. मग पदराशी चाळा करत बसली. “फक्त एका गोष्टीचं ती उत्तर देत नव्हती. रोज विचारायची मी. रोज.”

“काय विचारायचीस?”

“मला एकटीला इथे करमत नाही, तुझ्याकडे राहायला येऊ का, म्हणून. ती हात हलवायची आणि दुसरंच काही बोलायची. मी समजले. घर सुनेचं आहे, तिची तरी काय चूक? तुला कसं विचारणार? तुला नाही म्हणता आलं नसतं. नोटीस आली तेव्हा म्हटलं, चला, बरं झालं. आता विचारायलाही नको.”

साहेबांचं हसू कुठल्या कुठे पळालं. महिन्याचं सामान पोचवायला ते दर वेळी इथे यायचे, बारीक आवाजात ‘बरी आहेस ना’ म्हणायचे, तिने मान हलवली की निघायचे. आपला प्रश्नही तिला कधी ऐकू गेला नसेल, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ते उठले आणि जिना असे उतरले की खालच्या बेकरीवाल्याची झोप मोडली.

घरी आई गॅलरीत बसली होती, डावा कान दाराकडे.

“आई, मावशी विचारतेय, तुझ्याकडे राहायला येऊ का!”

आई हलली नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तरी नाही. मग जन्मात ज्याने बस थांबवली नव्हती त्या माणसाने दोन्ही हात गॅलरीच्या गजावर ठेवले, छाती भरून घेतली आणि बोंब ठोकली, “ती दोन वर्षं रोज विचारतेय! तुझ्याकडे येऊ का म्हणून!”

खाली रस्त्यात एक सायकल थांबली. आईने मान वळवली.

“रोज?”

“रोज!”

“अगं मेले!” आईचा आवाज चार दिवसांचा साठलेला होता. “तू हे विचारत होतीस, आणि मी तुला भाजीचे भाव सांगत होते!”

ती गजाला धरून उभी राहिली आणि समोरच्या बंद खिडकीला हाका मारू लागली. खिडकी कुठली उघडायला! साहेबांनी आवाज दिला, बायको आतून पळत आली, तिने दिला. रस्त्यावरच्या लोकांनी काय चाललंय हे न विचारताच मान वर करून सूर मिळवला. चिडीचूप साहेब ओरडतायत म्हटल्यावर कोण कशाला मागे राहील? शेवटी बेकरीवाला खिडकीत आला, घटकाभर बघत राहिला, आत गेला आणि झाडूच्या दांड्याने स्वतःच्या छताला धडाधड ठोके मारू लागला. वर मावशीच्या तळपायांना ते कळले. खिडकी उघडली.

“कोण मेलं धिंगाणा घालतंय? मला नोटीस देता आणि तुम्ही...” मावशी थबकली. समोरच्या गॅलरीत सगळं घर उभं होतं. आणि मधोमध तिची बहीण, तोंड घट्ट मिटून, दोन्ही हातांनी तिला जवळ बोलावत होती.

मावशीने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी?

आईने मान हलवली. डोळे पुसले, आणि पुन्हा बोलावलं.

एका खुर्चीत बसवून मावशीला बेकरीवाल्याने आणि साहेबांनी खाली उतरवलं, रस्ता ओलांडला आणि वर चढवलं. बेकरीवाल्याचे दंड मैद्याची पोती उचलून तयार झालेले. त्याला काही वाटलं नाही. साहेब मात्र दुसऱ्या मजल्यावर टेकले ते उठेनात. शेवटचे वळसे त्याने एकट्यानेच पार केले.

दारात खुर्ची टेकली तरी मावशी उठेना. आई आतून दोन्ही हात पुढे करून उभी होती, पण मावशीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती उंबऱ्याशी उभ्या असलेल्या सुनेकडे बघत होती. कानांना ऐकू येत नाही अशी माणसं बोलतात तितक्या मोठ्याने, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं, तिने विचारलं, “तुला चालेल ना गं?”

सूनबाईने खाली वाकून मावशीची पिशवी उचलली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“आधी आत या, मावशी. दार लावायचंय. आवाज बाहेर जातोय.”