खिडकीची उंची

पेंटरांच्या घरी गेलात आणि ते दिसले नाहीत, तर त्यांची बायको मागच्या दाराकडे बोट दाखवून म्हणायची, "बघा, गावात गेले असतील." हे गाव म्हणजे त्यांचं मागचं अंगण. तिथे लिंबाच्या झाडाला वळसा घालून एक छोटी आगगाडी धावायची आणि रुळांच्या कडेने पेंटरांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली घरं होती. स्टेशन होतं, पोस्ट होतं, पिठाची गिरणी, शाळा, एक केशकर्तनालय. पेंटर गावात गेले म्हणजे पोटावर पालथे पडून, हनुवटी खडीला टेकवून, गाडी येण्याची वाट बघत असायचे. सत्तरीला टेकलेला माणूस असा जमिनीवर पडलेला पाहून नवा पाहुणा हबकायचा. बायको शांतपणे सांगायची, "काही झालेलं नाही त्यांना. गाडी लेट आहे."

पेंटरांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग छापील फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात वाळले. त्यांचा जिवाभावाचा मित्र घड्याळजी. मोबाइल आल्यापासून लोक मनगटाकडे बघेनासे झाले, तसं त्याचंही दुकान बसलं. दोन रिकामे कारागीर एकत्र आले की काय होतं ते त्यांच्या बायकांना विचारावं. घड्याळजीने इंजिन जुळवलं, डबे केले, रूळ अंथरले. घरं बांधायची आणि रंगवायची ती पेंटरांनी.

पहिलं पोस्ट त्यांनी पुठ्ठ्याचं केलं होतं. एका पावसात त्याचा असा लगदा झाला की बायकोने ते झाडूने गोळा केलं. तेव्हापासून पेंटर पाट्यांचाच सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा तक्ता, वापरू लागले. कटरने लोण्यासारखा कापला जातो आणि पाण्याला दाद देत नाही. संपलेल्या रिफिलीच्या टोकाने त्याच्यावर विटांच्या रेघा ओढायच्या. छपराचे पन्हाळ सरबताच्या नळीचे. गिरणीच्या खिडकीला सुरेख जाळी बसली त्या दिवशी घरात चहा गाळायला गाळणं नव्हतं, आणि चोर शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र त्यांचा हट्ट वेगळाच होता. पाटी चकचकीत हवी, घर चकचकीत असलं की खोटं दिसतं, असं ते म्हणायचे. म्हणून रंग वाळला की काळपट तपकिरी रंग पातळ करून ते सगळ्या भिंतीला फासायचे आणि लगेच फडक्याने पुसून काढायचे. फटींमध्ये जेवढा उरेल तेवढा उरू द्यायचा. पाच मिनिटांत भिंत वीस वर्षं राबल्यासारखी व्हायची. बायको म्हणायची, मी घरातल्या भिंती पुसून पुसून थकले आणि हे पैसे खर्चून मळवतायत.

या गावात एकच अधिकारी होता. त्याला साहेब म्हणत. साहेब म्हणजे बोटाएवढा लाकडी माणूस, डोक्यावर टोपी, हात पाठीशी. त्याच्याच मापाने सारं गाव बांधलेलं. कुठलंही घर तयार झालं की पेंटर साहेबांना दारात उभं करायचे, खिडकीशी उभं करायचे. साहेब दारातून न वाकता आत गेले पाहिजेत, खिडकीतून त्यांना बाहेर दिसलं पाहिजे. एकदा शाळेचं दार साहेबांच्या कपाळाला लागलं. बायको म्हणाली, लहान मुलांचीच शाळा आहे, असू द्या की. पेंटरांनी सबंध शाळा पाडली आणि पुन्हा बांधली.

हे सगळं हौसेने चाललं होतं. पण रुळांच्या पार टोकाच्या वळणावर एक जागा त्यांनी सुरुवातीपासून मोकळी ठेवली होती. तिथे कुणाला कुंडीही ठेवू द्यायचे नाहीत. ती जागा फाटकावरच्या घराची होती.

पेंटरांचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. गाडी आली की फाटक बंद, गेली की उघडं. फाटकाला लागून दोन खोल्यांचं घर. पेंटर अंगावर पीत होते तेव्हाच आई गेली, आणि त्यांना वाढवलं ते ताईने. ताई स्वतःच तेव्हा परकरातली पोर. पुढे तिचं लग्न झालं, त्याच वर्षी वडिलांची बदली झाली आणि ते घर सुटलं. दुसरा रूळ टाकताना ते पाडलंही. त्याचा फोटो कुणी काढलेला नव्हता. फाटकावरच्या घराचा फोटो कोण काढतो? आता ते घर दोनच माणसांच्या डोक्यात उभं होतं, आणि त्यातलं एक माणूस लांबच्या शहरात राहत होतं.

बहीणभाऊ भेटायचे ते लग्नात नाहीतर मयताला. तिथे पाहुण्यांच्या गराड्यात काय बोलणार? पेंटर दर वेळी म्हणायचे, ताई, एकदा ये, निवांत. ती म्हणायची, पुढच्या खेपेला नक्की. आणि खरं सांगायचं तर पेंटरही मनातून घाई करत नव्हते. त्यांना ते घर पुरं करून मगच तिला बोलवायचं होतं. तिने ते बघावं आणि "हेच रे आपलं घर" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. ते शब्द ऐकायला त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण हात लावायचा धीर होईना. चुकलं तर? आठवणीतलं घर निदान आठवणीत तरी धड होतं.

मग भाच्याचा फोन आला. आईला तो कायमचं आपल्याकडे, परदेशात नेत होता. एकटी राहण्याचं तिचं वय उरलं नव्हतं. निघायच्या आधी मामाकडे एक दुपार काढतो, म्हणाला. पेंटरांनी फोन ठेवला आणि थेट सनबोर्ड काढला.

त्या दिवसांत त्यांना ना भूक ना झोप. दरवाजा, कडी, बाहेरचा दगडी पायथा, कौलांचं छप्पर, सगळं आपोआप हातात येत गेलं. स्वयंपाकघरातली खिडकी तर डोळे मिटूनही दिसायची. कारण पेंटरांची सगळ्यात जुनी आठवण तीच होती. त्या खिडकीतून सबंध गाडी दिसायची, वळणावर इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत. कोपर चौकटीवर टेकलेलं आणि डाव्या कुशीला छान ऊब. ऊब बहुधा शेगडीची असावी. शेवटचा डबा गेल्याशिवाय ते तिथून हलत नसत, घास तोंडात घेत नसत, हे वडील पुढे कितीतरी वर्षं हसून सांगत.

घर झालं. घड्याळजी बघायला आला. त्याने चष्मा वर सारला, खाली घेतला, आणि सवयीप्रमाणे साहेबांना उचलून खिडकीशी उभं केलं. खिडकीची चौकट साहेबांच्या मांडीला लागली. बाहेर बघायचं तर साहेबांना गुडघ्यांवर बसावं लागलं असतं.

"पेंटर, खिडकी फार खाली आली."

पेंटर म्हणाले, तेवढीच होती. घड्याळजी म्हणाला, अशी खिडकी कुणी ठेवत नाही. पेंटर म्हणाले, मी त्या खिडकीत कोपर टेकून गाड्या बघितल्यात, तू बघितल्यास का? आणि त्यांनी साहेबांना उचलून खिशात घातलं. साहेबांच्या तपासणीविना या गावात उभं राहिलेलं ते पहिलं घर. घड्याळजी चहा पिऊन गेला.

ताई आली ती भाच्याच्या हाताला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत. भाचा म्हणाला, मामा, चहा झाला की निघू, अजून बॅगा भरायच्यात. आणि फोनवर बोलत पुढच्या खोलीत गेला. पेंटरांच्या बायकोने अंगणात खुर्ची टाकली, वन्सं, इथे सावलीत बसा म्हणाली. गाडी सुरू झाली. ताई कौतुकाने बघत होती, पण पेंटरांनी इतकी वर्षं ज्याचा विचार केला नव्हता ते आत्ता लक्षात आलं. हे गाव पालथं पडून बघायचं गाव होतं. ताईचे गुडघे तर वाकतच नव्हते.

"मला नुसती छपरंच दिसतायत रे, बाळ्या," ताई म्हणाली. बाळ्या म्हणणारं आता जगात तेवढंच एक माणूस होतं.

पेंटरांनी वळणावरचं घर उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. छप्पर काढता येत होतं, ते काढलं. ताईने आत बघितलं आणि तिचा हात तोंडाशी गेला. ही बाबांच्या कंदिलाची खुंटी, ती म्हणाली. ही फळी, हिच्यावर मीठ-मसाल्याचे डबे. हा दाराचा कोपरा कायम ओला असायचा. पेंटर शाळेतल्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ताईचं बोट खिडकीवर आलं आणि थांबलं.

"ही कुठली खिडकी?"

"स्वयंपाकघरातली. गाडी दिसायची ती."

"ती वर होती. खाली ओटा होता ना, माझ्या कमरेएवढा. त्याच्या वर खिडकी."

पेंटरांनी समजावून सांगितलं. ते काल झाल्यासारखं त्यांना आठवत होतं. कोपर चौकटीवर टेकायचं. आणि तेव्हा ते केवढे होते? ओट्याच्या वर खिडकी असती तर त्यांना गाडी दिसली कशी असती? बोलताना त्यांचा आवाज जरा चढला, कारण हातातून काहीतरी निसटतंय असं त्यांना वाटू लागलं होतं.



"अरे, माझ्या कडेवर असायचास तू," ताई म्हणाली. "ओट्यावर शेगडी पेटलेली, तिथे तुला कसा ठेवणार? एका हाताने कालवण ढवळायचं, दुसऱ्या हाताने तुला धरायचं. गाडीची शिटी झाली की आधी तुला उचलायचं, मग बाकीचं. माझी ही कंबर कशाने गेली असं वाटतं तुला?"

बायकोने चहाचा ट्रे आणला होता, तो घेऊन ती तशीच उभी राहिली.

पेंटर खाली खडीवर बसले. म्हणजे ती ऊब शेगडीची नव्हती. आयुष्यभर ती खिडकी त्यांनी जपली, तिचा रंग जपला, चौकटीची खाच जपली, आणि धरणारीलाच तिच्यातून वगळलं. जिच्यासाठी घर बांधलं, तिला त्यात उभं राहायलाच जागा ठेवली नव्हती. त्यांना भडभडून आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"चुकलं गं, ताई."

"चुकायचं काय त्यात? कडेवरच्या पोराला कुठे कळतं आपण किती उंच आहोत ते."

पुढच्या खोलीतून भाच्याची हाक आली, आई, निघायचं ना? ताईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पेंटर उठले आणि कटर घेऊन आले. ताईच्या मांडीवरच्या घराला एका हाताने आधार देत त्यांनी जुन्या खिडकीच्या वर, जिथे ताईने बोट ठेवलं तिथे, तेवढाच चौकोन कापला. सनबोर्डचा तुकडा अलगद निघाला. तोच तुकडा खालच्या खिडकीत बसवला. माप एकच होतं, तो घट्ट बसला. रंग नाही, विटांची रेघ जुळत नाही, कापलेल्या कडा पांढऱ्या फटक. असं काम त्यांनी एरवी कुणाला दाखवलं नसतं. मग खिशातून साहेब काढून त्यांनी आत उभे केले. खिडकीची चौकट साहेबांच्या छातीशी आली. साहेबांना बाहेर दिसत होतं.

"आता बघ," पेंटर म्हणाले. पण घर मांडीवर असेपर्यंत ताईला वाकावं लागणार होतं. तेव्हा त्यांनी ते घर उचललं, स्वतःच्या कमरेवर घेतलं, एका हाताने कवळून धरलं आणि तिच्या खुर्चीशी उभे राहिले. त्या छोट्या घराचं मागचं दार, खिडकीच्या बरोबर समोरचं, तिच्या डोळ्यांसमोर आलं. खिडकी रुळांकडे व्हावी म्हणून त्यांनी घर पुढे कलतं केलं, साहेबांना अंगठ्याने बाजूला दाबून धरलं, आणि बायकोला खूण केली. बायकोने ट्रे जमिनीवर ठेवला आणि गाडी सोडली.

गाडी लिंबाला वळसा घालून निघाली. ताईने दाराशी डोळा लावला. घर दिसतं तेवढं हलकं नव्हतं. दगडी पायथ्यासाठी त्यांनी आत सिमेंट भरलं होतं. पेंटरांच्या कमरेत कळ आली. भाचा दारात येऊन उभा राहिला, हातातल्या किल्ल्या वाजवत. पेंटरांनी ताईला हळूच विचारलं, झालं का, ठेवू का खाली?

ताईने डोळा काढला नाही. फक्त त्यांच्या कोपराला धरलं.

"थांब की रे जरा. शेवटचा डबा जाऊ दे."