कपाटातलं इंटरनेट

आमच्या घरातलं इंटरनेट लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवलेलं होतं, आणि ते हळू चालतं म्हणून मी तीन आठवडे सगळ्या जगाशी भांडत होते.

माझी मुलगी समीक्षा मुंबईच्या एका कंपनीत आहे. दोन महिने घरून काम करायची परवानगी काढून ती महाडला आली. पण मागच्या खोलीत कामाला बसली की मीटिंगमध्ये तिचा चेहरा अडकायचा; तोंड उघडं ते उघडंच. तिच्या मॅडमनी आधी कुरकुर केली, मग बजावलं, की येत्या सोमवारच्या मोठ्या मीटिंगला असं झालं तर मंगळवारपासून ऑफिसला यायचं. शिकायला बाहेर पडल्यापासून पोरगी सलग आठ दिवससुद्धा घरी राहिली नव्हती. मला ती घरी हवी होती, सरळ सांगते. आणि मला काही हवं असलं की ते मी रागावूनच मागते.

नेटच्या कंपनीने हॉलमध्ये लावलेल्या डब्याची रेंज मागच्या खोलीपर्यंत पोचत नव्हती. म्हणून समीक्षाने आल्या आल्या अ‍ॅक्सेस पॉइंट नावाचा दुसरा डबा मागवला होता. पहिल्या डब्यातून वायर घ्यायची, दुसरा मागच्या बाजूला लावायचा, की तिथेही नेट जोरात चालतं. आता तो लावायचा कुठे, हे मी ठरवलं. महाडात पुराचं पाणी घरात घेतलेला माणूस मोलाची वस्तू खाली ठेवत नाही. आमच्या मागच्या खोलीच्या माळ्यावर लोखंडी कपाट आहे. दागिने, सर्टिफिकिटं, घराचे कागद, सगळं त्यात. डबाही त्यातच जाणार! आमचे हे कारखान्यात फिटर आहेत. ड्रिल हातात घेऊन त्यांनी एकदाच विचारलं, "कपाटात गो?"

"मग काय, फ्रीजसारखा वाहून जाऊ दे?"

त्यांनी कपाटाच्या पाठीला भोक पाडलं आणि वायरी आत घेतल्या. मी दार लावून किल्ली कमरेला खोचली.

स्पीड काही आला नाही. मी नेटच्या कंपनीला फोन केला. दर वेळी नवी मुलगी, आणि दर वेळी तोच सल्ला, की डबा बंद करून चालू करा. (माझा स्वभावही असा बंद करून चालू करता आला असता तर आमच्या ह्यांनी तो केव्हाच केला असता.) मग मला शेजारच्या शैलावहिनींचा संशय आला. आमचं नेट त्या चोरून वापरतात, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी शांतपणे स्वतःचा मोबाइल दाखवला. त्यांचं स्वतःचं नेट होतं, आणि आमच्यापेक्षा जोरात धावत होतं. पाठोपाठ त्यांनी ताटलीभर घावन-चटणीही पाठवली, त्यामुळे माझा राग आणखीच वाढला.

मग मी स्वतः मैदानात उतरले. मी पोलादपूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला डबा शिकवतो म्हणजे काय! व्हिडिओ बघून सेटिंगचं पान उघडलं. तिथे चॅनल बदलायची सोय होती, एक ते अकरा. आजूबाजूचे डबे आपल्याच चॅनलवर असले की गर्दी होते, मोकळं चॅनल शोधावं, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. मी वहीत तक्ता आखला आणि एकेक चॅनल लावून स्पीड लिहायला लागले. प्रत्येक बदलाला डबा बंद पडून दोन मिनिटांनी उठायचा, आणि तेवढ्यात समीक्षा मीटिंगबाहेर फेकली जायची. आतून तिचा रडवेला आवाज आला, "आई, आता कितवा?" मी म्हटलं सातवा, चार राहिलेत, दम धर.

शेवटी रविवारी मी विलासला बोलावलं. हा उमरठचा, चौथीत माझ्या वर्गात होता. आता पोलादपुरात नेट जोडायची कामं करतो, मिशा आहेत, दोन मुलं आहेत. पण मी बस म्हणेपर्यंत दारातच उभा होता. त्याने माझा वहीतला तक्ता पाहिला, सेटिंग तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाला. मग डबा कुठे आहे ते विचारलं. मी किल्ली दिली. शिडीवर चढून त्याने कपाट उघडलं आणि आत डोकं घातलं. मग त्याने आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

"बाई, रागवणार नाय ना?"

"बोल."

"लोखंडातनं रेंज भायेर येत नाय. तुम्ही अकरा चॅनल बदललेत, पण दार एकदापण उघडं ठेवलं नाय."

त्याने डबा माळ्याखालच्या भिंतीवर उंच लावला, पाच गिगाहर्ट्झचा, म्हणजे जास्त वेगाचा, पट्टा चालू केला आणि समीक्षाचा लॅपटॉप त्यावर जोडून दिला. स्पीडचा काटा सरळ उजवीकडे गेला. समीक्षाने मला मिठी मारली. मी मात्र मनातून धुमसत होते. तीन आठवडे साठवलेला राग होता आणि तो काढायला माणूस उरला नव्हता, कारण चूक माझीच निघाली होती.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. मागच्या खोलीत मीटिंग रंगात आली होती, चेहरा एकदाही अडकला नव्हता. आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. नेटच्या कंपनीची मुलगी गोड आवाजात विचारत होती, की आपल्या तक्रारीचं समाधान झालं का?

माणूस मिळाला! पुढची दहा मिनिटं मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. कंपनी, तिचे डबे, तिच्या वायरी, तिचे मालक, कोणालाच सोडलं नाही. फोन ठेवला तेव्हा फार हलकं वाटलं. वळून बघते तर दारात समीक्षा.

"मॅडम म्हणाल्या, नेटवर्क उत्तम आहे. तुझ्या आईचा शब्दन् शब्द ऐकू आला."

"मग?"

"मग उद्यापासून ऑफिस."

मंगळवारी तिला एसटीत बसवून दिलं. गाडी सुटली आणि मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला.

आता मागच्या खोलीत बसून मीच रोज तिला व्हिडिओ कॉल लावते. परवा ती कॉलवर कुजबुजली, "आई, हळू बोल ना, सगळे बघतायत." मी तिला ठणकावून सांगितलं, की मी हळूच बोलतेय!