गेटसभेचा ठराव

मी कन्नड वाचायला शिकले ती माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या युनियनच्या पत्रकांवर. त्यामुळे ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘नमस्कार’च्या आधी येत होता.

महादेवपुऱ्यातला अप्पांचा कारखाना बंद पडला, तेव्हा गेटसभेत हात वर करून ठराव झाला: सगळ्यांना परत कामावर घेईपर्यंत कुणीही गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही. पुढे यंत्रं विकली गेली, कंपनीही राहिली नाही. ठराव मागे घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

आता आसपासच्या रहिवाशांनी त्या जुन्या शेडमध्ये रविवारचा बाजार सुरू केला, आणि आईने थालीपिठांचा गाळा घेतला. पहिला रविवार चाचणीचा. संध्याकाळपर्यंत गाळा चालवला तरच तो तिचा. मी बहिष्काराचं पत्रक काढलं. आईने ते पूर्ण वाचलं.

"छान लिहिलंयस. बहिष्कार घाल, पण आधी तो तवा ऑटोत ठेव."

त्या रविवारी अप्पा आणि मी गेटबाहेर पत्रकं वाटत उभे होतो. लोक पत्रक घेत आणि पार्किंग कुठे आहे ते विचारत. अप्पांचे जुने सोबती नातवंडांना घेऊन आत चालले होते. अप्पांनी एकाला अडवलं.

"ठराव विसरलास?"

"नाही अण्णा. पण मी कामाला नाही, वडा खायला चाललोय."

"पाऊल टाकायचं नाही, असं आहे."

"मग स्वल्प डोळे मिटा."

दुपारी आतून आईचा फोन आला. मदतीला येणारी शेजारीण तापाने पडली होती. "रांग लागलीय. तव्याकडे बघू की गिऱ्हाइकाकडे? असंच चाललं तर बंद करावं लागेल."

अप्पांनी उरलेली पत्रकं माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "गेटसभेतला ठराव गेटसभेतच मागे घेता येतो."

त्यांनी हाक दिली. सोबती बाजाराच्या पिशव्या घेऊन जमले. ठराव मागे घ्यावा का, असं अप्पांनी विचारताच पिशव्यांसकट हात वर गेले. सुरक्षारक्षकानेही हात वर केला. तो सभासद नसल्याने अप्पांनी तो धरला नाही.

"विरोधात?"

मी हात वर केला.

"ही कुठली सभासद?" मघाशी वडा खायला निघालेले ते सोबती म्हणाले.

"पत्रक तिने काढलंय. धरा."

मी बोलले. ज्या भिंतींआडून माणसं बाहेर काढली, त्याच भिंतींना आता वारसा म्हणून दिवे लावलेत, आणि त्या माणसांचं नाव तिथे कुठेही नाही, असं म्हणाले. आजही माझं तेच म्हणणं आहे.

"अजून आहे?" अप्पांनी विचारलं.

"आहे."

"थोडक्यात आटप. आत थालीपीठ करपतंय."

ठराव बहुमताने मागे घेतला गेला. अप्पा बाह्या दुमडत आत गेले. मी तिथेच उभी राहिले.

"बहुमत मानायचं असतं, पुट्टी," ते वडा खायला निघालेले सोबती जाता जाता लहान पोरीला म्हणावं तसं म्हणाले. हे मी स्वतः तीन पत्रकांत लिहिलं होतं. मी आत गेले.

दिवे वाईट दिसत नव्हते, याचा मला राग आला. अप्पा रांगेला शिस्त लावत होते. लोक घाबरून सरळ उभे होते. आईने काही न विचारता कांद्याची परात माझ्याकडे सरकवली.

पीठ संपलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाजार समितीच्या बाई आल्या. "गाळा तुमचा. पुढच्या रविवारी येणार ना?"

"ते सभेत ठरवावं लागेल," अप्पा म्हणाले.

"येणार," आई म्हणाली.