यादीतली एक खूण

मे महिन्यातला दुसरा रविवार, परभणी. हजर: स्पर्धक सात, परीक्षक म्हणून गणिताचे निवृत्त सर, आणि नियम सांभाळायला मी. काल कूलरमध्ये नवा वाळा भरला आणि त्या ओल्या वासासरशी तिथली वाळ्याच्या कूलरची ती खोली आठवली. पडद्यावर आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर दोन तासांत खेळाचा प्रोग्रॅम लिहायची हौशी स्पर्धा होती. घरून कुणी तयार खेळ आणू नये म्हणून आधी प्रत्येकाची मेमरी मी पुसायची आणि नावापुढे खूण करायची, हा नियम माझाच. स्पर्धकांतली जिंतूरची शिक्षिका एसटी उशिरा आल्यानं धापा टाकत आली. मी खूण केली, पुसायचं विसरले. तिचा सापाचा खेळ सगळ्यांत आधी पळू लागला, तसा दुसरा एक स्पर्धक, मोबाइल दुरुस्तीवाला, उठला. "लयच लवकर झालं की, बाई! हिची मेमरी पुसली का न्हाई?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. "यादीत खूण आहे," मी म्हणाले. "खूण हाय, पण पुसताना कुणी बघितलं?" विसरले म्हटलं असतं, तर सरांनी तिला पुसून पुन्हा लिहायला वेळ वाढवून दिला असता. मी नुसती यादी सरांपुढे सरकवली. तिनं सगळ्यांसमोर मेमरी पुसली. "बघा. आता पुन्हा लिहिते." कागद न बघता तिनं तोच साप परत पळवला, पण वेळ संपून बारा मिनिटं झाली होती, पहिला नंबर मोबाइल दुरुस्तीवाल्याला गेला. जाताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, विसरले एवढंच तुमी म्हणायचं होतं." ती यादी अजून माझ्या फाइलीत आहे. सरांना आणि बाकीच्या सहा जणांना खरं कळवायचं राहिलंय.