विहीणबाई रस्ता विचारत नाहीत

आमच्या विहीणबाईंनी जन्मात कोणाला रस्ता विचारलेला नाही. रस्ताच कशाला, भाव, वेळ, ही गाडी कुठं जाते, भाजीत मीठ घातलं की राहिलं, यातलं काहीच विचारलेलं नाही. विचारलं की माणूस लहान होतं हे त्यांचं शास्त्र, आणि तेल्हाऱ्यापासून बँकॉकपर्यंत त्यांनी ते पाळलं. त्यापायी त्या किती वेळा हरवल्या याची गणती नाही, पण 'मी हरवले' असं काही त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही.

मला हे आधीच कळायला हवं होतं. माझ्या लेकीचं त्यांच्या मुलाशी जमलं तेव्हा साड्या घ्यायला आम्ही दोघी अकोल्याच्या जुन्या शहरात गेलो होतो. मी अमरावतीची, मला तिथल्या गल्ल्या काय ठाऊक. त्या म्हणाल्या, "दुकान माह्या पायाखालचं हाय, ईनबाई, या मांगं मांगं." गेले मागं मागं. एका पानठेल्यावरून आम्ही गेलो, थोड्या वेळानं पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेला पानवाल्यानं नमस्कार केला आणि चौथ्या खेपेला बिचाऱ्यानं स्टूलच बाहेर काढून ठेवलं. विहीणबाई अगदी ठरवून आल्यासारख्या त्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "इकडून हवा बरी लागते, म्हणून आणलं तुमाले." मग पदरानं तोंड पुसता पुसता त्यांची नजर वर गेली, तर दुकान समोरच. चारही वेळा आम्ही त्याच्याकडे पाठ करून गेलो होतो. "पाहा," त्या म्हणाल्या, "इचारा लागलं का कोणाले?"

तर अशा बाईबरोबर मी पंधरा दिवस परदेशात एका खोलीत राहिले. लेक आणि जावई नोकरीपायी बँकॉकला असतात. नात झाली, म्हणून आम्ही दोघी आज्या निघालो. त्यांचं घर एवढंसं, बाळाचा पाळणा ठेवला की माणसांनी आडवं चालायचं. म्हणून जावयांनी दोन गल्ल्या पलीकडे, ऐन बाजारात, एक स्वस्तातलं हॉटेल पाहून ठेवलं होतं. दिवसभर लेकीकडं राहायचं आणि झोपायला हॉटेलात. आमचे इवाई, म्हणजे विहीणबाईंचे मालक, गुडघ्यांमुळे येऊ शकले नाहीत. अकोल्याच्या स्टेशनावर पोचवायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ईनबाई, हिले आठवण द्या. पोराले इचारून यायचं हाय, तो वापस येते का नाही. येत नसन तर वावर पुतण्याच्या नावानं करून देतो. पेरणीच्या आत ठरवा लागते." मी हो म्हटलं आणि गाडी सुटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. सगळ्या खानदानात प्रश्न विचारायला या माणसानं धाडलं कोणाला, तर जिनं आजवर चहात साखर किती असंसुद्धा विचारलं नाही तिला.

हॉटेलात पहिल्याच दिवशी काय झालं ते ऐका. खोली उघडायला एक कोरं कार्ड दिलेलं. दार उघडलं, पण आत दिवा लागेना, पंखा नाही, ती थंड हवेची मशीनही मुकाट. मी म्हटलं, खाली जाऊन सांगते. विहीणबाईंनी माझा हात धरला. "बसा. येईन लाईन. आपल्याकडं नाही जात का?" म्हणून भर दुपारी आम्ही दोघी पलंगावर बसून हॉटेलच्या रंगीत कागदांनी एकमेकींना वारा घालत होतो. तासाभरानं झाडझुड करणारी बाई आली. तिनं आमच्याकडं पाहिलं, माझ्या हातातलं कार्ड घेतलं, दाराजवळच्या फटीत घातलं आणि खोलीत लख्ख उजेड पडला. विहीणबाई म्हणाल्या, "मले माहीत होतं. पण म्हटलं, दिवसाउजेडी लाईन कायले जाळा."

सकाळच्या नाश्त्याचं तेच. पातेल्यात काय आहे हे विचारायचं नाही, वाढून घ्यायचं. भाताची पेज निघाली तर म्हणे, "म्हाताऱ्यांसाठी हलकं बनवलं, समजदार लोक हायेत." खाली दाराशी एका खांबावर इवलंसं देऊळ होतं आणि देवापुढं लाल सरबताची बाटली, तीसुद्धा नळी घालून. मी विचारात पडले, कोणता देव असेल हा. विहीणबाईंनी केव्हाच हात जोडले होते. "देवाले नाव इचारते का कोणी?" म्हणाल्या.

पण खरा घोटाळा खोलीचा. सात मजले, सगळे एकसारखे, सगळी दारं तपकिरी. खोलीचा नंबर कार्डाच्या कागदी पाकिटावर लिहिलेला होता, पण त्या पाकिटात विहीणबाईंनी सुपारी भरली आणि ते पाकीट लेकीच्या घरी राहिलं. त्या दिवशी त्यांनी लिफ्टमधून उतरून एक एक दार कार्ड लावून पाहिलं. तिसरं दार आतून उघडलं. टॉवेल गुंडाळलेला एक उंच गोरा माणूस, अंगावरून पाणी गळतंय. मी भिंतीकडं तोंड केलं. विहीणबाई त्याला म्हणाल्या, "राहू द्या, राहू द्या, तुमचं आटपू द्या." आणि पुढच्या दाराकडं निघाल्या.

आमची खोली सापडल्यावर मात्र त्यांनी बंदोबस्त केला. पिशवीतून हळदकुंकवाची डबी काढली, हळद भिजवली आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना पाच पाच बोटं ओढली, वर कुंकू लावलं. दिवाळीला आपण घराच्या दाराला लावतो ना, अगदी तशी. "आता इचाराचं काम नाही," म्हणाल्या. मला खरंच पटलं. नंबर पाठ करण्यापेक्षा बोटं पाहणं सोपं. दोन दिवस सुखात गेले. तिसऱ्या दिवशी ती झाडझुड करणारी बाई दारापाशी थबकली, बोटांकडं पाहून हात जोडले आणि शेजारच्या दाराकडं खूण केली, मग त्याच्या शेजारच्या. विहीणबाई कोणाला विचारत नाहीत तसं कोणाला नाहीही म्हणत नाहीत. "शुभ कामाले नाही कसं म्हणा लागते?" असं म्हणून मी लेकीकडं असताना त्यांनी डबी घेतली आणि सगळा मजला रंगवला.

त्याच दुपारी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, सामान भरायला आम्ही दोघी परतलो, तर समोर चौदा दारं आणि चौदाही दारांना हळदीची बोटं. मी हसावं का रडावं. पुन्हा दारोदार कार्ड लावून पाहायची माझी तयारी नव्हती, तो टॉवेलवाला अजून डोळ्यांपुढं होता. "खाली जाऊन विचारते हो मी," म्हटलं. "बसा ईनबाई. येते कोणी ना कोणी." बसलो भिंतीला पाठ लावून जमिनीवर. लग्नघरात जागा न मिळालेल्या पाहुण्या बसतात तशा.

अर्ध्या तासानं जावई आले, घामाघूम. आम्हाला तसं बसलेलं पाहून म्हणाले, "इथं होय तुम्ही. मी चौथा, सहावा, सातवा सगळे मजले पाहून आलो."

"अहो, खाली विचारायचं होतं ना," मी म्हटलं.

"विचारायचं काय त्यात? सापडतंच की." आणि तेही आमच्या शेजारी फतकल मारून बसले.

मला वाटलं, हीच वेळ. मी विहीणबाईंना कोपरानं ढोसलं. त्यांनी पदर सारखा केला. घसा खाकरला. मुलाच्या शर्टाची सुटलेली गुंडी लावून दिली.

"तुह्या बापानं म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणत होते बाबा?"

विहीणबाई समोरच्या दाराकडं पाहत राहिल्या, मग त्याच्या बाजूच्या दाराकडं. "काही नाही. गुडघे लय दुखतात म्हणे."

"तेल पाठवतो इथून," जावई म्हणाले. तेवढ्यात ती बाई आली, तिनं आमचं दार उघडून दिलं आणि आम्ही सामान भरायला लागलो. विमानात मी विषय काढला नाही. मी तरी माझ्या लेकीला कुठं काही विचारलं होतं.

परवा तेल्हाऱ्याला जाणं झालं. इवाई ओट्यावर बसून गुडघ्यांना तेच तेल चोळत होते. वावराचं काय झालं म्हटलं, तर विहीणबाईंकडं हात करून म्हणाले, "पुतण्याले नाही दिलं. हिनं कपाशी पेरून टाकली. जबाब काय आणला थे सांगत नाही अन् मी बी इचारत नाही." मी आत जायला निघाले आणि दाराशी थांबले. चौकटीच्या दोन्ही अंगांना हळदीची पाच पाच बोटं. दिवाळी केव्हाच होऊन गेली, गुढीपाडव्याला अजून वेळ होता. गल्लीत शेवटचं घर, समोर लिंबाचं झाड, आंधळ्यालाही चुकू नये असं.

"हे काहून हो?" मी विचारलं.

विहीणबाई चहाचं आधण ठेवत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "दूर राहून राहिलं पोरगं. घरं बांधून राहिले लोक, गल्ली बदलून जाते. अन् थे बी माह्यासारखंच हाय, ईनबाई. रस्ता नाही इचारणार कोणाले."

चहा झाला. मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी फडताळातून डबी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"डाव्या अंगाची पुसट झाली," म्हणाल्या. "थे तुमी लावा."