खांबावर नसलेला विंडसॉक

मी असल्या गोष्टी मानत नाही. अजूनही नाही. तरी लिहितोय, कारण इथल्या मराठी मंडळींत हा किस्सा ज्या थाटात सांगितला जातो, त्याने माझं डोकं फिरतं.

मी जपानमध्ये, कावासाकीत आयटीत आहे. मित्र नितीन आणि मी मिळून एक जुनं, दोन सीटचं विमान घेतलं होतं. इबाराकीत नदीकाठी मियाता-सान नावाच्या आजोबांची खासगी धावपट्टी आहे, तिथे ते असतं. गवताची पट्टी, तिच्या एका टोकाला रस्ता, दुसऱ्याला नदी, एक शेड, बस. सकाळी उडालं की खाली पाण्याने भरलेली भातखाचरं... आठवड्याचा शीण जातो. पण तिथे सगळं आपणच करायचं — गवत कापणं, दगड वेचणं. आणि एक जण हवेत असेल तर दुसऱ्याने रेडिओजवळून हलायचं नाही. हे मियाता-साननी आम्हाला तीनदा बजावलं होतं.

गेल्या मे महिन्यातला रविवार, सकाळचे साडेदहा. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला, इराला, फिरवून परत येत होतो. खाली नितीन होता. रेडिओवर दोनदा हाक मारली... उत्तर नाही. अशा वेळी पट्टीवरून एक चक्कर मारून आधी नीट बघायचं असतं. मी मारली नाही. ती चूक माझी.

नेहमीसारखा रस्त्याच्या बाजूने उतरायला वळलो आणि विंडसॉक दिसला — वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी. भडक केशरी, टम्म फुगलेली, नदीकडे फडफडत होती. म्हणजे वारा माझ्या पाठीमागून. इरा म्हणाली, "कोइनोबोरी मितइ." मे महिन्यात इथे लावतात त्या कापडी माशांसारखं.

उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन. म्हणून वळसा घालून नदीच्या बाजूने आलो. पण समोरून वारा जाणवेचना. विमान नेहमीपेक्षा बरंच पुढे जाऊन थांबलं.

पट्टीच्या रस्त्याकडच्या टोकाला, झाडांच्या सावलीत, गवत कापायचा हिरवा ट्रॅक्टर उभा होता. माझी चाकं एरवी जिथे टेकतात, तिथेच.

नितीन कॉफीचा कॅन घेऊन रस्त्यावरून चालत आला.

"आलास पण? पाचच मिनिटं कोंबिनीत कॉफी आणायला गेलो होतो रे."

"ट्रॅक्टर पट्टीवर ठेवून? इरा होती माझ्याबरोबर."

"सॉरी... पण उतरलास ना नीट?"

"विंडसॉक दिसला म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तो फाटला होता. सकाळीच काढलाय मी. गाडीत आहे."

खांब रिकामा होता. गवताचं पातं हलत नव्हतं. त्याच्या डिकीत आमचा विंडसॉक पडलेला — उन्हाने पांढरट झालेला, मधोमध फाटलेला.

मी मियाता-सानना सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्यांनी दोघांनाही तीन महिने पट्टी बंद केली. नितीन चिडला, "आपसातलं बाहेर कशाला न्यायचं?"

मग टोकियोतल्या तोयोसुच्या गणपतीत त्यानेच हा किस्सा रंगवून सांगितला. देवाने पोरीला वाचवलं म्हणे. लोक मला कुलदैवत विचारायला लागले. एका काकूंनी इराच्या डोक्यावरून हात फिरवला. नितीन त्या वेळी कुठे होता, हे एकानेही विचारलं नाही. शेवटी मीच म्हणालो, "हा कॉफी आणायला गेला होता." बायको हळूच म्हणाली, "आज सणाचं नको ना."

विमानातला माझा हिस्सा मी सोडून दिला.

इराला नंतर एकटीला बसवून चित्र काढायला लावलं. तिने विंडसॉक भडक केशरीच रंगवला. आम्ही दोघांनी काय पाहिलं, मला खरंच माहीत नाही. कोणी सांगू शकत असेल तर जरूर सांगा. फक्त देवाची कृपा म्हणू नका... ते म्हणायला नितीन आहे.