बहाव्याखालची तपकिरी चिमणी

माझी ताई एक खोटं बोलली आणि ते तसंच ठेवून गेली.

आज तिचं वर्षश्राद्ध.

सकाळी तिच्या लेकीनं, मधुरानं, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. कवठे महांकाळच्या त्यांच्या हॉलमधलं मोठं वॉल हँगिंग. पिवळाधमक बहावा, खाली एक तपकिरी चिमणी. वर लिहिलंय, ‘माझ्या आईच्या हातची कला.’

भराभर हात जोडलेले आले. मीही जोडले.

ते वॉल हँगिंग मी केलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विश्रामबागेत आमचं नवीन घर झालं होतं आणि हॉलची लांब भिंत रिकामी होती. तेव्हा गल्लोगल्ली फॅब्रिक पेंटिंगचे क्लास निघाले होते. मी सहा फुटी कापड आणलं, फरशीवर अंथरलं आणि दुपारभर त्यावर ओणवी होऊन रंगवायचे. गुडघे सोलवटले.

पिवळ्याच्या किती छटा केल्या, देव जाणे. सांगलीच्या पोरीला हळदीचा रंग कुणी शिकवावा लागत नाही.

ताई रोज चारला चहा आणून द्यायची. एकदा तिचा पाय कापडात अडकला आणि अख्खा कप बहाव्याखाली सांडला.

ती रडायलाच लागली. मी म्हटलं, थांब जरा. डागाला चोच काढली, पंख काढले. चिमणी झाली. मग दोघी हसत सुटलो.

क्लासच्या बाई म्हणाल्या होत्या, कोपऱ्यात नाव घाल. मी म्हटलं, आमच्याच घरात तर लागणार, नाव कशाला?

तिथंच चुकलं.

पुढं ताईला बघायला मंडळी आली. तेव्हा मुलीनं केलेलं भरतकाम, विणकाम सगळं पाहुण्यांपुढं मांडायचे. मुलाच्या आईची नजर भिंतीवरून हलेना.

"ह्ये कुनी केलंय?"

ताई मान खाली घालून म्हणाली, "मीच."

मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. आईनं मला डोळ्यांनीच दटावलं. नंतर आत येऊन म्हणाली, एवढं जमू दे, मग सांगू.

जमलं. कुणी काही सांगितलं नाही. लग्नात माझा बहावा रुखवतात लागला, ताईच्या नावाची चिठ्ठी टाचून. रुखवत सासरी जाणार म्हटल्यावर मी तिला एकटीला गाठलं.

"ताई, आपल्या भिंतीचं काय?"

"तू दुसरं कर की. तुला येतंय."

मी दुसरं केलं नाही. ब्रशला परत हातच लावला नाही.

तिच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, सूनबाईच्या हातात लय कला हाय. मी पाहुणी म्हणून त्याच भिंतीखाली बसून ऐकायचे. ताई तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जायची.

मिरजेच्या दवाखान्यात शेवटचे आठ दिवस मी तिच्या उशाशी होते. वाटायचं, आता तरी बोलेल. निदान माझ्याजवळ.

माझा हात धरून एवढंच म्हणाली, "चहा घेतलास का?"

तेही गिळलं असतं. पण मधुरानं आज फोटोखाली चिमणीची गोष्टही लिहिलीय. आई सांगायची म्हणे, की मावशीच्या हातून चहा सांडला, मावशी रडायला लागली, म्हणून आईनं डागाची चिमणी केली.

ताई, झाड नेलंस ते नेलंस. चहापण माझ्याच हातून सांडवलास?

मधुरा, तू हे वाचशील. रागावशीलही. रागाव. तुझी आई वाईट नव्हती गं, घाबरट होती. एकदा "मीच" म्हणून बसली आणि मग तिला मागं फिरता आलं नाही. मला हे सगळं कळतं. तरी माफ करता येत नाही.

ताई, अजून रोज चारला तुझी आठवण येते. रागही तेव्हाच येतो.

बहावा माझा आहे.

चिमणी आपल्या दोघींची.

एवढं कबूल कर, आणि सुखानं जा.